सहा मोकळे वेढे

मुरूमच्या शंभुलिंगअप्पांनी तीस वर्षं पंपांच्या जळालेल्या मोटारी नव्या तारेनं भरल्या. तांब्याच्या तारेचे वेढे एकमेकांना घट्ट चिकटवायचे, ही हाताची सवय. तीच नडली. हौसेनं जुळवलेला इवलासा ट्रान्समीटर रेडिओवर लागेचना. त्याच्यासाठी घट्ट वेढ्यांच्या अकरा कॉइली करून मोडल्या.

“आज बोलता केला न्हाय, तर नावाचा शंभुलिंग न्हाय!” सवयीला मुरड घालून त्यांनी बाराव्या कॉइलीचे सहाच वेढे फट ठेवून गुंडाळले. ट्रान्समीटर स्वयंपाकघरात ठेवला अन् रेडिओ घेऊन अंगणात बसले.

खरखर थांबली. रेडिओतून बायको, इरम्मा, कडाडली, “अवो, जेवायला येता का समदं झाकून ठिवू?”

अप्पा तडक उठले. घराकडं नाही, रेडिओ कानाला लावून गल्लीच्या टोकाकडं निघाले. बोलणी कुठवर ऐकू येतात, ते बघायचं होतं.