कोऱ्या लेटरपॅडवरच्या सह्या

"मॅडम, ही तर आपलीच शिफारस आहे."

आरोग्य अधिकाऱ्याने फायलीतून एक कागद काढला आणि भर बैठकीत माझ्यापुढे सरकवला. गोंदियात जिल्ह्याची आढावा बैठक होती. टेबलाभोवती तीस-चाळीस माणसं. मी आमदार. आमच्या गावच्या उपकेंद्रातली नर्सबाई कुणी उचलून शहरात आणली, असं मी आवाज चढवून विचारलं होतं. हात दाखवून अवलक्षण. लेटरपॅड माझं, नाव माझं, खाली सही माझी. मधला मजकूर मी जन्मात पाहिला नव्हता.

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. पलीकडच्या खुर्चीत भैयाजी संत्रं सोलत होते. मान वर न करता म्हणाले, "बाई, साइन करने से पहले पढ लिया करो."

पुन्हा हशा. मी कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवायला गेले. अधिकारी म्हणाला, "तो फायलीतला आहे, मॅडम." मी परत दिला.

मी अंगणवाडी सेविका होते. बौद्ध घरातली, दुसऱ्यांच्या बांधीत भाताची रोवणी करून वाढलेली. मतदारसंघ राखीव झाला तेव्हा भैयाजींना उमेदवार हवा होता, बोलणारा नको होता. भैयाजी म्हणजे राईस मिलचे मालक. आमच्याकडे पक्षही त्यांचाच म्हणायचा. तिकीट त्यांनी आणलं, गाड्या त्यांच्या, पोस्टरवर त्यांचा फोटो माझ्याहून मोठा.

निवडून आले त्याच आठवड्यात मिलवर बोलावणं आलं. मला वाटलं सत्कार असेल. मुनीमजींनी माझंच नवं लेटरपॅड पुढे ठेवलं. कोऱ्या पानांवर सह्या करून ठेवा म्हणाले. मी अधिवेशनाला गेले की लोकांची कामं अडू नयेत म्हणे. मी जरा थांबले, तेव्हा भैयाजी हसून म्हणाले, "सीट रिझर्व है बाई, आमदारी नहीं."

मीही हसले. त्या हसण्याची मला आजही लाज वाटते.

आणि खरं सांगते, सह्या करायला मला आवडत होतं. माझी आई अंगठा लावायची. मी ठसठशीत नाव लिहून खाली रेघ ओढत होते, एकामागून एक, मूर्खासारखी. पॅड संपलं तेव्हा मुनीमजींनी चहा दिला.

त्यातल्याच एका पानावर मुनीमजींच्या सुनेची बदली झाली. तीच आमची नर्सबाई. तिला शहरात राहायचं होतं. तिच्या जागी कुणी आलं नाही. पावसाळ्यात गावातल्या वैशालीला कळा सुरू झाल्या तेव्हा उपकेंद्राला कुलूप होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आमगावच्या दवाखान्यात नेताना ती रस्त्यातच बाळंत झाली. बाळ रडलंच नाही. या वैशालीला मी अंगणवाडीत माझ्या हातानं खिचडी भरवली होती. तिच्यासाठीच मी त्या बैठकीत आवाज चढवला होता.

बैठकीतून सरळ तिच्या घरी गेले. दुसऱ्या कुणी सांगण्याआधी मीच सांगावं म्हणून. तिची आई सुपात तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "नर्सबाईच्या बदलीच्या कागदावर सही माझी आहे."

सूप थांबलं. "काऊन केलीस वं?"

"मी वाचलंच नव्हतं."

"तू तं शिकलेली होतीस ना."

वैशाली आत होती, सगळं ऐकत होती. बाहेर आली नाही. मी उंबऱ्यावरूनच परतले.

दुसऱ्या दिवशी मिलवर गेले. बसा म्हणाले, बसले नाही. "माझी उरलेली पानं द्या."

भैयाजी म्हणाले, "अगली बार टिकट चाहिए ना?"

"नको. पानं द्या."

त्यांना मी पहिल्यांदाच नको म्हटलं होतं. पानं काही मिळाली नाहीत. मग मी एकेका कार्यालयाला हातानं लिहून दिलं, की मजकूर माझ्या अक्षरात नसेल तर ते पत्र माझं नाही. नर्सबाईला परत पाठवा, असंही लिहिलं. अधिकारी म्हणाला, "आधीची शिफारस धरू की नंतरची, मॅडम?" फाईल तिथंच पडली. आमदार असून मला एक नर्स गावात आणता आली नाही.

पुढच्या निवडणुकीत माझं तिकीट कापलं गेलं. आमच्याच वस्तीतल्या एका कार्यकर्त्याला मिळालं. मी त्याच्याकडे जाऊन सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताई, तुमचं झालं. आता आमचं होऊन जाऊ द्या ना." त्याच्यावर रागावू तरी कशी? मीही असंच म्हटलं असतं.

उपकेंद्राला अजून कुलूप आहे. दर सोमवारी मी एसटीनं गोंदियाला, आरोग्य अधिकाऱ्याच्या कार्यालयात जाते. शिपाई म्हणतो, "मॅडम, तुम्ही आता माजी झाल्या. साहेब कामात आहेत." पहिल्या दोन-तीन वेळा मी परत आले होते. आता येत नाही. चपला बाजूला काढून साहेबांच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसते. नर्सबाई कोणत्या तारखेला येणार ते सांगा, मग उठते, असं म्हणते. शिपाई ओरडतो, येणारेजाणारे बघतात, ओळखीचे तोंड फिरवतात. फिरवू देत. साहेबांना घरी जायला हेच एक दार आहे.