बोलक्या लीलाबाईचा नवस

मुठा गावात लीलाबाईच्या तोंडाला लागायची कुणाची छाती नव्हती. शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारे शहरातले लोक तिच्या बांधावर गाडी लावायचे, तर त्यांचीही ती बिनपाण्यानं करायची. तिचा नवरा भिवाजी तेवढाच मुखदुर्बळ. "आमच्या घरात दोघांचं ती एकटीच बोलती," असं तो हसून सांगायचा. मनातून त्याला ते आवडायचं.

त्यांची सात वर्षांची एकुलती एक पिंकी एका दुपारी घराबाहेर पडली ती परत आलीच नाही. गावानं ओढे धुंडाळले, विहिरींत गळ टाकले. दिवेलागणीला लीलाबाई गावदेवीच्या देवळात गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "पोरगी उंबऱ्याच्या आत येईस्तवर मी तोंड उघडणार न्हाई." पिंकी झाली तीही नवसानंच. तेव्हा लीलाबाईनं पायातली चप्पल सोडली होती. आता देवीला द्यायला तिच्याजवळ आवाजाहून मोठं काही उरलं नव्हतं.

पोलीस आले ते त्यानंतर. पिंकीला शेवटचं पाहिलं होतं ते एकट्या लीलाबाईनं. फौजदारांनी गोडीनं विचारलं, दरडावून विचारलं, ती नुसती जमिनीकडे बघत राहिली. "निदान मान तरी हालीव," भिवाजी गयावया करायचा. पण मान हलवणं म्हणजेही बोलणंच, देवीला फसवायचं कसं? लिहायचं म्हटलं तर तिला सहीपलीकडे अक्षर येत नव्हतं.

गावाचं काय सांगावं. ज्यांनी देवळात तिच्या पायांवर डोकं ठेवलं होतं, तीच माणसं आठवड्याभरात म्हणायला लागली, "आई हाय का कोन? काय तरी केलं आसंल हिनंच." असल्या जिभांचा नवस देव का मागत नाही, कोण जाणे.

पिरंगुटहून किमया नावाची तरुण वकील आली. तिनं फौजदारांना ठणकावलं, "संशय यांच्यावरच आहे ना? मग यांना बोलायची सक्ती तुम्हाला करता येणार नाही." बाहेर अंगणात मात्र ती भिवाजीला हळूच म्हणाली, "काका, कायदा त्यांना गप्प राहू देईल. पण पिंकी कुठं गेली असेल, हे त्यांच्याशिवाय कोण सांगणार?"

भिवाजी घरात गेला. चुलीपुढे बसलेल्या बायकोला त्यानं जन्मात विचारू नये ते विचारलं, "तू काय केलं न्हाईस ना?"

लीलाबाईनं वर पाहिलं. मग तिनं पदराचा बोळा तोंडात कोंबला. भिवाजीला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. तरीही उत्तर मिळालं नाही, ही बोच काही गेली नाही.

पुढच्या सोमवारी नदीच्या वळणावर, झाडांच्या मुळ्यांत अडकलेलं एक लेकरू सापडलं. चेहरा ओळखण्यापलीकडे गेला होता. भिवाजीनं एकदाच बघितलं आणि मान फिरवली. "ही आमची न्हवं," तो म्हणाला. "न्हवं ही."

लीलाबाई पुढे आली. खाली बसून तिनं फ्रॉकची बाही उलटली, काखेतल्या शिवणीवरून बोट फिरवलं.

"टाका माजा हाय," ती म्हणाली. "माजीच हाय ही."

इतके दिवस न वापरलेला तो आवाज खरखरीत झाला होता. भिवाजीनं फिरवलेली मान परत वळवून पोरीकडे बघितलं. तिनं तोंड उघडलं, म्हणजे आता पिंकी घरी येणार नव्हती.

लीलाबाईनं फ्रॉक नीट केला आणि फौजदारांकडे वळली. "इचारा सायेब. काय इचारायचं ते इचारा आता."

एवढे दिवस ज्या प्रश्नांसाठी फौजदारांनी तिला छळलं होतं, त्यांतला एकही जिभेवर येईना. शेवटी खाली बघतच त्यांनी अगदी पहिला प्रश्न विचारला, "घरातून निघताना काही म्हणाली होती का ती?"

"व्हय," लीलाबाई म्हणाली. "आलेच गं आये, म्हनली."