शंभरापर्यंत टिकलेला धागा

शिरूर अनंतपाळात आवई उठली होती, की सत्यशीलाकाकू बांबूच्या धाग्यावर मंत्र टाकतात, म्हणून तो तुटत नाही. तसलं काही नाही. काकू धागा आढ्याला बांधतात, त्याला दोन किलोचं वजन लटकवतात आणि ओठांतल्या ओठांत शंभरापर्यंत मोजतात, एवढंच.

ही सवय ठेच लागल्यावर आली. पहिल्या खेपेला त्यांनी कोवळे बांबू भिजवून, कुटून तंतू काढले, आणि औशाच्या विणकराच्या मागावर धागा सारखा तुटला. "आणखी एकदा तुटला तर घेणार न्हाई बगा," तो म्हणाला. तेव्हापासून काकू प्रत्येक धागा वजन लावून पारखतात आणि तीन वर्षांचाच बांबू तोडतात. "कवळ्यात जीव नसतोय, माय."

परवा विणकर नवा धागा बघायला आला. काकूंनी धाग्याला वजन टांगलं. त्यांच्या हाताखाली काम करताना त्यांच्या नाकात बोलण्याची नक्कल करायची माझी जुनी खोड. मी म्हटलं, "साठाच्या आत तुटतोय. न्हाई तुटला तर आठ दिस तुमची नक्कल बंद."

काकूंनी सावकाश शंभर मोजले. धागा तसाच ताठ. विणकरानं सगळ्या लडी पिशवीत भरल्या आणि पुढच्या कधी मिळतील ते विचारलं.

आता काकू मुद्दाम माझ्यासमोर शेजारणीशी नाकात बोलून राहिल्यात, आणि मला गप्प बसावं लागतंय.