पहिलं ‘नको’
आमच्या आंदर मावळात पहिल्या विचारण्याला कुणी ‘हो’ म्हणत नाही. भाकरी वाढू का म्हटलं की पाहुणा ताटावर हात आडवा धरतो, ‘नगं’ म्हणतो, आणि तिसऱ्या आग्रहाला हात बाजूला घेतो. पहिल्यालाच हो म्हणणारा हावरट. शाळेत मुलांना हे वळण मीच लावलं, आणि आता माझाच मला राग येतो.

समीक्षा माझी विद्यार्थिनी, ठाकरवाडीतल्या कोंडू आणि चिमाबाईची मुलगी. ती एमएस्सीला असताना चिमाबाईला अर्धांगाचा झटका आला. हातपाय सावरले, पण भूक गेली ती गेलीच. समोर नाचणीची भाकरी, आणि बाई भिंतीकडे बघावं तशी ताटाकडे बघायची. डॉक्टर म्हणाले, पोट ठणठणीत आहे, बिघडलंय ते मेंदूत. समीक्षानं तेव्हाच ठरवलं, आपण हेच शिकायचं.

पुण्यात एका संस्थेत तिला पीएच.डी.ला प्रवेश मिळाला. तिथं आधी तीन प्रयोगशाळांत सहा-सहा आठवडे काम करायचं, मग गाइड निवडायचा. गाइडनंही हो म्हणायला हवं. तिसरी प्रयोगशाळा एका मॅडमची होती. त्यांच्याकडचे काही उंदीर पुढ्यात दाणे असूनही खात नसत. मेंदूतला कुठला भाग गप्प झालाय, ते मॅडम शोधत होत्या. समीक्षा रविवारीसुद्धा तिथंच असायची. निवृत्तीआधी मॅडमना शेवटचा एकच विद्यार्थी घ्यायचा होता.

शेवटच्या दिवशी उंदरांचं खाणं तोलता तोलता त्यांनी विचारलं, “राहशील माझ्याकडे?”

पोरगी लाजली. “नको मॅडम, माझ्यासाठी कशाला? दुसऱ्या कुणाला तरी घ्या.”

संध्याकाळी मला तिचा फोन. “सर, मॅडमनी इचारलं! मीच जाऊन सांगू का, की मला यायचंय?”

मी मोठा शहाणा. म्हणालो, “घाई करू नकोस, हावरट दिसतं. परत विचारतील त्या.”

मॅडमना आमचं हे वळण कुठून ठाऊक असणार? चार दिवसांनी त्यांनी सुहास नावाच्या मुलाला घेतलं. समीक्षा धावत गेली तेव्हा त्यांनाही वाईट वाटलं. “अगं, तूच नको म्हणालीस ना?” भुकेवर काम करणारं त्या संस्थेत दुसरं कुणीच नव्हतं. ऑफिसनं तिला जिथं जागा उरली होती तिथं पाठवलं. आता पुढची पाच वर्षं ती माशांचे डोळे तपासणार.

मागच्या रविवारी वाडीवर गेलो. माफी मागायची होती, पण धीर झाला नाही. समीक्षा आईपुढे ताट घेऊन बसली होती.

“आई, एक घास.”

“नगं.”

“येकच.”

“नगं गं.”

तिसऱ्यांदा तिनं घास ओठांपर्यंत नेला. चिमाबाईनं मान फिरवली.

समीक्षानं ताट झाकलं आणि माझ्याकडे वळली. “सर, तुमाला वाढू?”

सकाळपासून पोटात काही नव्हतं. तरी सवयीनं तोंडातून गेलंच, “नको.”

तिनं पुन्हा विचारलं नाही.