जळगावचा व्हिसा

आमच्या वडिलांना आम्ही नाना म्हणायचो. जळगावच्या एका शाळेत ते चित्रकला शिकवायचे, आणि सायकलच्या दुकानावरची एक लांबट खोली भाड्यानं घेऊन तिथे त्यांनी गॅलरी काढली होती. गॅलरी हा शब्द त्यांचा. गल्लीतले लोक 'मास्तरांची वरची खोली' म्हणायचे, आणि माय, म्हणजे माझी आई, चिडली की 'तुमनं देऊळ' म्हणायची. खोलीला एकच खिडकी होती, तीही पश्चिमेला. उन्हाळ्यात दुपारी तिथे चित्रं काय, बघणाराही वितळेल अशी परिस्थिती. म्हणून प्रदर्शन फक्त हिवाळ्यात भरायचं.

आणि प्रदर्शन कुणाचं, तर लाहोरच्या एका चित्रकाराचं. हे मी आज सांगते तेव्हा लोक भुवया उंचावतात. तेव्हाही उंचावायचे. झालं होतं असं, की ऐंशीच्या दशकात कधीतरी शेजारी देशांतल्या चित्रकारांचं एक शिबिर दिल्लीला भरलं होतं. नानांची त्यात कशी काय वर्णी लागली हे त्यांनाही शेवटपर्यंत कळलं नाही. तिथे त्यांना आणि या लाहोरकरांना एक खोली मिळाली. दोघेही शाळामास्तर, दोघेही घोरणारे, दोघांच्याही बायका चित्रांना वैतागलेल्या. एवढं भांडवल मैत्रीला पुरलं. निघताना दोघांनी ठरवलं की दर हिवाळ्यात लाहोरकरांची चित्रं जळगावात लागतील आणि नानांची लाहोरात. त्यांच्याकडे तर खोलीही नव्हती, घराचा व्हरांडा होता. एका व्हरांड्याचा आणि एका खोलीचा हा करार दोघांनी सरकारांपेक्षा बरा पाळला.

चित्रं कागदावरची असायची, गुंडाळून पत्र्याच्या नळकांड्यात घातलेली. कुणाच्या तरी नात्यातलं कुणी लग्नाला इकडे येणार असलं की त्याच्या सामानातून ती यायची, आणि परतीच्या वाटेनं नानांची तिकडे जायची. नाना ती बांधायचे आमच्याकडे केळी बांधतात तशी. रावेरला ट्रक भरताना केळीखाली वाळला पाला अंथरतात ना, तोच पाला नळकांड्याभोवती, वरून सुतळी. सरहद्दीवरच्या अधिकाऱ्यांनी एकदा सगळा पाला उपसून केळी शोधली होती म्हणे. नानांना ही गोष्ट सांगताना इतकं हसू यायचं की शेवट नेहमी आम्हालाच सांगावा लागायचा.

बघायला येणारे म्हणजे नानांचे विद्यार्थी, बाजाराला आलेले शेतकरी, आणि न चुकता एक साध्या वेशातला पोलीस. पाकिस्तानातली चित्रं म्हटल्यावर तो येणारच. तो दारापाशी बसून चहा प्यायचा आणि दरवर्षी तीच चौकशी करायचा. पुढे पुढे नानाच त्याला 'यंदा कशी वाटली?' असं विचारायला लागले, तेव्हा तो बिचारा लाजायचा. पहूरचे एक शेतकरी होते, ते दर वर्षी विचारायचे, "मास्तर, यात माणूस का नाही?" खरंच नसायचा. रिकामी अंगणं, वाळत घातलेले कपडे, एखादी भिंत, तिच्यावर ऊन. नानांनी हे लाहोरला कळवलं. पुढच्या हिवाळ्यात एका चित्रात अगदी कोपऱ्यात पाठमोरा माणूस आला. पहूरकर त्याच्यासमोर कितीतरी वेळ कमरेवर हात ठेवून उभे होते.

नानांचं मागणं एकच होतं. त्या माणसानं एकदा जळगावला यावं, त्या खोलीत उभं राहावं, आणि आपल्या हातानं आपली चित्रं भिंतीला लावावीत. पण तिकडच्या माणसाला इकडचा व्हिसा गावागणिक मिळतो. ज्या गावाचं नाव त्यावर नाही तिथे उतरायचं नाही. आणि जळगाव काही त्यावर येत नव्हतं. केळी आणि ऊन सोडून या माणसाचं तिथे काय अडलंय, असा प्रश्न कचेरीतल्या साहेबाला पडत असणार. मला त्या साहेबाचा आजही राग येतो.

मग नव्वदीच्या सुरुवातीला एकदा त्यांना मुंबई आणि दिल्ली असा व्हिसा मिळाला. मुंबईत एका प्रदर्शनात त्यांची चित्रं होती, आणि तिथून ते रेल्वेनं दिल्लीला जाणार होते. गाडी जळगाववरूनच जाते. पुढे भुसावळला ती बराच वेळ थांबते, लोक उतरून पाणी भरतात, चहा घेतात. ठरलं, की नानांनी भुसावळला जायचं आणि फलाटावर भेटायचं. नाना लहान पोरासारखे झाले. भरीत न्यायचं, कळण्याची भाकरी न्यायची, मिरचीचा ठेचा सोसेल का त्याला, असं सगळं आठवडाभर चाललं होतं. माय म्हणाली, "जवाईबी येवाना व्हता तरी इतला धिंगाना नव्हता."

आणि नाना गेले. एका संध्याकाळी शाळेतून आले, खाटेवर बसले, पाणी मागितलं. मी तांब्या घेऊन आले तोवर संपलं होतं.

दोन-तीन दिवसांनी खालच्या सायकलच्या दुकानात फोन आला. मुंबईहून ते बोलत होते, आपला डबा कोणता ते सांगायला. त्यांना मीच सांगितलं. ते म्हणाले, "बेटी, मैं उसी गाड़ी से आऊंगा. भाभी से कहना."

आता आमच्याकडची एक रीत सांगायला हवी. खानदेशात माणूस गेला की नातेवाईक, ओळखीपाळखीचे भेटायला येतात, त्याला दारावर येणं म्हणतात. बायका येतात त्या रडतच येतात, घरातल्या बायकांच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडतात, मग तोंडावर पाणी मारून गप्प बसतात. पुरुष बाहेर सतरंजीवर. आणि निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही, घरातलं कुणी 'या' म्हणत नाही. कारण तिथे पुन्हा येणं म्हणजे पुन्हा असंच काहीतरी घडल्यावर येणं. ज्याला 'या' म्हणावं त्याच्यावर किंवा आपल्यावर आणखी एक मरण ओढवून घेतल्यासारखं ते होतं. म्हणून आलेला माणूस मुकाट्यानं उठतो आणि चालू लागतो. घरातली बाई खाली मान घालून बसून राहते. आम्हाला हे कुणी शिकवत नाही, आम्ही लहानपणापासून पाहत असतो.

माय म्हणाली, मी भुसावळला जाणार. घरात गोंधळ उडाला. नानांचे चुलतभाऊ, आम्ही ज्यांना आबा म्हणायचो, ते दारातच आडवे आले. "सुतकमा बाई टेसनवर जास का? लोके काय म्हनतीन?"

"त्यासले आठे कोनी उतरू देत नही," माय म्हणाली. "मंग मीच जासू."

आयुष्यभर चित्रांच्या नावानं बोटं मोडणारी ही बाई. त्या खोलीत ती पुरती दोनदाही आली नसेल. पण नानांचं काय अडलंय हे तिला बरोबर माहीत होतं. आबा शेवटी बडबडत आमच्याबरोबर आले आणि वाटभर कुणाशी बोलले नाहीत.

भुसावळच्या फलाटावर दुपारचं ऊन होतं. मायनं घरून घडी करून आणलेली सतरंजी एका खांबापाशी अंथरली आणि तिच्यावर भिंतीकडे तोंड करून ती बसली, घरी बसली असती तशीच. केळीवाले, हमाल, पाणी भरणारे, सगळे बघत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं होत होतं आणि त्याच वेळी मायचा इतका अभिमान वाटत होता की रडू आवरेना.

गाडी आली. उंच, वाकलेले, पांढऱ्या दाढीचे गृहस्थ उतरले. मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, तरी ओळखलं, कारण ते फलाटावर कुणाला शोधत नव्हते, फक्त उभे होते. मी हात धरून त्यांना सतरंजीपाशी आणलं. ते आबांशेजारी बसले. आबांनी आपली टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग लाहोरकर रडायला लागले, अगदी आमच्या बायका रडतात तसे, आवाज काढून. मायही रडली. नाना गेल्यापासून ती अशी रडली नव्हती.

गाडीनं शिटी दिली तेव्हा ते उठले. पदरानं तोंड झाकून बसलेल्या मायसमोर वाकून म्हणाले, "भाभी, अगले साल आऊं? जलगांव का वीज़ा मांगूंगा. तस्वीरें मैं खुद टांगूंगा."

माय गप्प.

त्यांनी पुन्हा विचारलं, हळू आवाजात. "भाभी, आऊं?"

तिनं मान आणखी खाली घातली. मी शेजारीच उभी होते, आणि मला त्यात काहीही वावगं वाटलं नाही. आमच्यात असंच असतं. ते थोडा वेळ थांबले, मग गेले. डब्याच्या दारातून त्यांनी हात केला की नाही ते आम्हाला ठाऊक नाही, कारण दारावर आलेला माणूस जाताना आम्ही बघत नाही.

गावी परतल्यावर माय म्हणाली, खोली सोडायची नाही. "पुढला हिवाळाले त्या येतीन." तिनं स्वतः जाऊन भिंतींना चुना दिला, खिळे घासून घेतले. पुढचा हिवाळा आला, नळकांडं आलं नाही. मी पत्र टाकलं. उत्तरात मायच्या तब्येतीची चौकशी आणि आमच्यासाठी दुवा, बाकी काही नाही. मग तर देशभर इतकं काही पेटलं की चित्रांचं नाव कोण काढतो! आम्हाला वाटलं, काळच वाईट आला, त्यांचा इलाज नसेल. माझं लग्न धुळ्याला झालं, मायही हळूहळू माझ्याकडेच राहायला लागली. तरी दर दिवाळीनंतर ती बसनं जळगावला जायची आणि ती खोली झाडून यायची. विचारलं की म्हणायची, व्हिसा मिळाला नसेल अजून.

नव्वदचं दशक संपता संपता मी कामानिमित्त मुंबईला गेले होते. तिथे अशाच एका दोन्ही देशांच्या प्रदर्शनात लाहोरची एक तरुण चित्रकर्ती भेटली. मी जळगावचं नाव काढल्याबरोबर ती माझ्याकडे बघतच राहिली. आमचे लाहोरकर तिचे सर होते. दोन वर्षांपूर्वी ते वारले. जळगावच्या दोस्ताची चित्रं ते अखेरपर्यंत दर हिवाळ्यात आपल्या व्हरांड्यात लावायचे, म्हणाली, आणि विद्यार्थ्यांना चहाला बोलवायचे. मग तुम्ही पुन्हा तिकडे का जात नाही असं कुणी विचारलं की सांगायचे, मी त्या घराला दोनदा विचारलं, त्या घरानं 'या' म्हटलं नाही. नवरा गेलेल्या बाईच्या दाराशी तिची मर्जी नसताना कसं जायचं? तिला आणखी त्रास नको.

त्यांनी पुन्हा व्हिसा मागितलाच नव्हता.

मी तिला काही समजावून सांगू शकले नाही. काय सांगणार, आणि कुणासाठी? धुळ्यापर्यंतचा बसचा प्रवास मी कसा केला मला आठवत नाही. मायला सांगावं की नाही यावर मी फार विचार केला नाही. तिच्यापासून लपवलेलं तिला कळतंच.

माय ओट्यापाशी मेथी निवडत बसली होती. मी सगळं सांगितलं. ती निवडत राहिली. मग एकदम भडकली, माझ्यावरच, जणू मीच तो लाहोरचा माणूस.

"दारवर उना मानूसले 'या' म्हनतस का कधी? आं? घरमा एक मरन व्हयेल व्हतं. दुसरं कसाले बलावसू? त्यानाच जीवकरता चूप बसनू मी!"

मी म्हटलं, "माय, त्यांना कसं कळणार?"

हातातली जुडी तशीच होती. मग तिनं विचारलं, "त्यासनी बाई शे का?"

"आहे, म्हणाली ती."

"मंग तिना दारवर जावाले जोयजे."

"माय, लाहोर आहे ते."

"माहीत शे माले," ती म्हणाली आणि उठली. मोरीत गेली. आतून पाण्याचा आवाज आला, आणि मला कळलं की ती डोक्यावरून पाणी घेतेय, थंड, लुगड्यासकट, आपल्या भाऊबंदातलं कुणी गेल्याचं कळल्यावर आमच्याकडे घेतात तसं. दोन वर्षांपूर्वी गेलेला, एकदाच पाहिलेला माणूस. मी मोरीच्या दाराबाहेर तिचं कोरडं लुगडं धरून उभी राहिले आणि आतून तिच्या रडण्याचा आवाज यायला लागला, मोठ्यानं.