भोंगा वाजल्याशिवाय

मीठ-साखरेच्या पाण्यात कुणी लिंबू पिळलं, की त्या वासानं मला माधवनगरचं आमचं घर आठवतं. माझा धाकटा भाऊ कुणाशी बोलायचा न्हाई, अंगाला हात लावू द्यायचा न्हाई, आन पाणी प्यायचा ते फक्त मिलचा भोंगा वाजला की. एका उन्हाळ्यात जुलाब-उलट्यांची साथ आली. पोट दुखतंय हेबी त्यानं सांगितलं न्हाई. निपचित पडला तवा आमाला कळलं. डॉक्टर म्हणाले, "मीठ-साखरेचं पाणी घोट घोट पाजत राहा, नाहीतर पोरगा हाती लागायचा नाही." पण त्यानं तोंड घट्ट मिटलेलं, आन भोंग्याला अजून लय वेळ होता. आई रडकुंडीला आली. गल्लीभर नकला करत हिंडणारा मी, खिडकीखाली बसून नाकातनं भोंगा काढला. भावानं तोंड उघडलं, आन आईनं घोट पाजला. रातपाळी करून झोपलेला शेजारी डबा घिऊन पळतच भाईर आला, "पाळी बदलली काय रं?" आई म्हणाली, "आवं, झोपा तुमी. ह्यो आमच्या घरचा भोंगा हाय." दर घोटाला भोंगा काढून सांजपर्यंत माझा घसा पार बसला. मग खरा भोंगा वाजला, तर पठ्ठ्या पेला धरून माझ्याच तोंडाकडं बघत राहिला. आता दोस्त भोंग्याची नक्कल मागतात, पण घरात मी ती करत न्हाई. केली, की भाऊ लगीच पेला घिऊन येतो, आन तहान नसली तरी सगळा पितो.