जड ते खाली

मुलांनो, आपल्या समोरच्या फ्लॅटमधले गृहस्थ संगणकांच्या कपाटांचे आराखडे करतात. तुमचे फोटो जिथे साठतात तिथे माणसाएवढी लोखंडी कपाटं असतात. त्यांतली कुठली पेटी कुठल्या कप्प्यात बसवायची, ते हे इथे वसईत बसून ठरवतात. काम करताना दार उघडं ठेवायची त्यांना सवय आहे. येणारं मात्र कुणी नसतं. फोनवरचं बोलणं मला ऐकू येतं. "वर नको, सर. जड ते खाली. तिथे ड्युटीला एकटाच माणूस असतो, त्याला पेटी धरू लागायला कोण आहे?" आवाज कधी चढत नाही, पण ते माघारही घेत नाहीत.

रविवारी चर्चमध्ये मिस्सा आटोपून ते सांडोर गावच्या वाडीतली केळी आणून देतात. परवा आले तेव्हा मी स्टुलावर चढून वरच्या फळीवरची बरणी काढत होते.

"काकू, आधी उतरा. स्टूल कोण धरतं?"

"कोण धरणार?"

त्यांनी बाह्या दुमडल्या. जड भांडी खाली ठेवली, रोजच्या बरण्या माझ्या हाताच्या उंचीवर लावल्या. शेवटी तुम्ही आल्यावर लागतं ते मोठं पातेलं उतरवायला गेले.

"ते राहू द्या वरच," मी म्हटलं. "ते काढायचं असतं तेव्हा घरात माणसं असतात."

 मग त्यांनी ते भिंतीपर्यंत नीट मागे सरकवलं.

"तोवर काही लागलं तर हाक मारा," म्हणाले, आणि माझं स्टूल बगलेत मारून स्वतःच्या घरी घेऊन गेले.